नानांची हाळी

नाना कॉम्प्युटरला हाळी देत. हाळी म्हणजे लांबून मारलेली हाक. बांधावर उभं राहून पलीकडच्या शिवारातल्या माणसाला मारतात ती. त्यांच्या तोंडून मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा नाना शिवारात नव्हते. भिंगारला आमच्या शेजारच्याच घरात, बैठकीच्या खोलीत, एका काळ्या पडद्यासमोर चष्मा कपाळावर सारून बसले होते. मला दारात बघून म्हणाले, "मास्तरीणबाई, हाळी दिली, पन ओ येत न्हाई."

मी नगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. एका मशीनवरून दुसऱ्याला 'आहेस का?' असं विचारता येतं आणि ते जागं असेल, वाट मोकळी असेल, तर उत्तर येतं, हे मी मुलांना इंग्रजी नावानं शिकवत आले. हाळी आणि ओ हे शब्द मला सुचले नव्हते. पुढच्या आठवड्यात वर्गात वापरून पाहिले. मुलं आधी हसली, पण त्या प्रश्नाला परीक्षेत कोणी चुकलं नाही. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग? शेतकऱ्याचीच पोरं हायती ती. त्यांला त्यांच्या भाषेत सांगाय नको?"

नाना मूळचे कोल्हारचे. तिथली प्रवरेकाठची शेती थोरल्या भावाकडे, आणि नाना तरुणपणीच भिंगारला आले ते लष्कराच्या एका खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून. वर्दी नाही, हुद्दा नाही, टेबलावर वाकून नकाशे काढायचे. नोकरीत त्यांचं इंग्रजी सुधारलं, अक्षर सुधारलं, बोलणं मात्र कोल्हारहून आलं तसंच राहिलं. नकाशांचं काम कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा इतर लोक कुरकुरले, नाना रमले. निवृत्तीनंतरही रमलेलेच होते.

त्यांचा एक हट्ट होता. कोणतंही काम तात्पुरतं करायचं नाही. "करायचं तर पक्कं, न्हाईतर हात लावायचा न्हाई." घरामागं कपडे वाळत घालायची तार तुटली, तर दुसरा माणूस गाठ मारून मोकळा झाला असता. नानांनी नकाशा काढला. खांब किती अंतरावर, पाया किती खोल, ऊन कुठल्या बाजूनं येतं, सगळं. खांब यायचे होते, मग सिमेंट यायचं होतं, मग पाया मुरायचा होता. तोवर त्यांच्या पत्नी सुमनकाकू ओल्या कपड्यांची बादली घेऊन आमच्या गच्चीवर यायच्या आणि पिळे झटकताना म्हणायच्या, "आमच्याकडे तारेचं बांधकाम चालू आहे." तार झाली ती मात्र अशी, की तिच्यावर माणूस वाळत घातला तरी तुटली नसती. मी हे सांगून पुष्कळदा हसले आहे. आता हसू येत नाही.

सुमनकाकू लग्नपत्रिका करत. बाजाराच्या अलीकडे त्यांचं घर, मागच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर. मजकूर त्या टाईप करायच्या, छपाई नगरला व्हायची. शिकलेल्या घरातल्या, माहेर नगरातलं, शुद्धलेखनाच्या बाबतीत कडक. घोडेगावच्या बाजारात जनावर विकून परस्पर पत्रिका सांगायला येणारी माणसंही त्यांच्यासमोर जपून बोलायची. "काकांचं नाव मामांच्या वर घ्या," असं कोणी सांगितलं की त्या विचारायच्या, "मामांना विचारलंत का? नंतर माझ्या दारात भांडायला येऊ नका." आमच्या भागातल्या कित्येक संसारांची सुरुवात काकूंच्या बोटांखालून गेली आहे. माझ्याही.

मग काकू विसरायला लागल्या. आधी गॅस, मग माणसांची नावं, मग आमच्या घरून परतायची वाट. आणि आमच्या घरांमध्ये नुसती एक भिंत. नगरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि असंही सांगितलं, की डोकं विसरतं तेव्हाही हाताला सवयीचं काम बराच काळ आठवतं. ते काम सुटू देऊ नका. पण काकूंचा कॉम्प्युटर नेमका त्याआधीच बंद पडला होता. आत होती नव्हती ती माहिती नानांनी काढून ठेवली होती, पडदा आणि कीबोर्ड तेवढे टेबलावर राहिले, मशीन भंगारात गेलं. त्यावरचा पत्रिकांचा जुना प्रोग्रॅम नव्या कुठल्याही मशीनवर चालायला तयार नव्हता.

एका दुपारी मी माझा लॅपटॉप घेऊन गेले आणि काकूंना म्हटलं, यावर मराठी टाईप होतं, बसा. त्या बसल्या. पदर खोचला, बोटं ठेवली आणि पहिलंच 'चि.' टाईप केलं. ते आलं नाही. काकूंच्या जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मग. नव्या पद्धतीत अक्षर आधी. पडद्यावर एक पोरकी वेलांटी आणि तिच्याशेजारी सुटा 'च' येऊन बसला. काकूंनी पुसलं, पुन्हा मारलं. पुन्हा पुसलं. मग हात मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत म्हणाल्या, "वर्षा, माझं चि. येईना गं."

दारात नाना उभे होते. दोन दिवसांनी ते नगरहून मोठं खोकं घेऊन रिक्षातून उतरले.

खोक्यात सर्व्हर होता. एका मशीनच्या पोटात अनेक मशिनं चालवायची सोय असते, तशासाठी घेतलेला. म्हणजे मशीन नवं, पण आत एका कोपऱ्यात काकूंचा जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा जिवंत करायचा, त्याच जुन्या प्रोग्रॅमसकट, आणि मागच्या खोलीतल्या त्यांच्या टेबलावरून, त्यांच्याच जुन्या पडद्यावर आणि कीबोर्डवर तो उघडायचा. कल्पना चांगलीच होती. नानांनी तिला लगेच नाव दिलं: "एका छपराखाली चार बिऱ्हाडं."

"चार कशाला, नाना? काकूंचं एक पुरे."

"एकासाठी येवढं घर बांधायचं? फोटोंचं एक, भजनांचं एक, क्यामेऱ्यांचं एक."

मी म्हटलं, माझा जुना लॅपटॉप पडून आहे, त्याच्या पोटातही काकूंचा कॉम्प्युटर बसेल. एका दुपारचं काम आहे, तात्पुरतं का होईना. 'तात्पुरतं' म्हटल्यावर नानांच्या कपाळाला आठी पडली.

"तिला काय येक दिवस बसायचंय का? रोज बसायचंय. पक्कंच करनार मी."

आणि काम सुरू झालं. बिऱ्हाडं उभी राहिली, फोटो दिसले, भजनं वाजली. काकूंचं मशीनही सर्व्हरच्या पोटात सुखरूप उठलं. फक्त ते बाहेर कोणाशी बोलेना. मागच्या खोलीतून त्याच्यापर्यंत पोचताच येईना. नानांनी या सगळ्या कारभाराला आपली नावं ठेवली होती. आतल्या मशिनांना बाहेरच्या वायरीशी जोडणारा तो पूल. घराबाहेर जायचा रस्ता ती वेस. प्रत्येकाचा पत्ता तो घरनंबर. पहिल्यांदा कळलं की सर्व्हरला मागं वायरीची दोन तोंडं आहेत आणि पूल बांधलाय एका तोंडाशी, वायर खोचलीय दुसऱ्यात. "कोल्हारला पूल बांधला आन मानसं लोणीला उभी," असं म्हणून नाना स्वतःवरच खो खो हसले. मग कळलं की घरात इंटरनेटची नवी पेटी बसल्यापासून वेस बदललीय आणि काकूंचं मशीन अजून जुन्या वेशीकडे तोंड करून बसलंय. तेही दुरुस्त झालं. हे दिवस खरं तर मजेचे होते. मी कॉलेजातून येताना डोकवायची, नाना नवीन काहीतरी सांगायचे आणि मागच्या खोलीतून काकूंचा आवाज यायचा, "अहो, माझं मशीन झालं का?"

"होतंय. थांब जरा."

"पत्रिका द्यायचीय. लोक येतील."

"थांब म्हनलं ना, सुमन."

काकू रोज विचारायच्या. कधी दुपारच्या जेवणाआधी, कधी नंतर, कधी दोन्ही वेळा. नानांची पाठ दाराकडे असायची. मान न वळवता ते उत्तर द्यायचे, कारण पडद्यावरची ओळ सुटेल अशी त्यांना भीती असायची.

पूल झाला, वेस झाली, आणि तरी गाडं अडलेलंच. आता तर ते जास्तच छळायला लागलं. नाना सकाळी बघायचे तर मागच्या खोलीतून काकूंचं मशीन छान उघडलेलं असायचं. मग ते काकूंना हाताला धरून आणायचे, खुर्चीवर बसवायचे, प्रिंटर चालू करायचे, कारण कागद हातात पडल्याशिवाय काकूंना काम झाल्यासारखं वाटणार नव्हतं. आणि नेमका तेव्हाच पडदा गोठायचा. काकू थोडा वेळ बसायच्या, मग उठून खिडकीत जायच्या. नाना पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासायचे. हाळी द्यायचे, तर ओ यायची! स्वच्छ, लागोपाठ ओ. ओ येतेय आणि दार उघडत नाही.

"घरात हाय, बोलतंय, पन दार उघडत न्हाई. रुसलंय का काय!"

मी म्हटलं, नाना, घरातल्या सगळ्या यंत्रांचे नंबर एका कागदावर लिहून काढू या. ते उखडले. "घरातल्या मानसांची यादी करतं का कोन? सगळे तोंडपाठ हायत मला." आणि होतेच, हे कबूल केलं पाहिजे. विचारावं तो नंबर ते खडाखड सांगत. मग त्यांनी पूल मोडून नवा बांधला. वायरी बदलल्या. सगळी बिऱ्हाडं उठवून पुन्हा बसवली. त्यात परीक्षा आल्या आणि माझं जाणं कमी झालं. मधे एकदा गेले तेव्हा घर फार शांत वाटलं. परतताना फाटकाशी लक्षात आलं, की मागच्या खोलीतून 'माझं मशीन झालं का' असं कोणी विचारलंच नव्हतं. काकू खिडकीत बसल्या होत्या. त्यांनी विचारायचं सोडलं होतं. नानांच्या ते लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी सांगायला वळले नाही. सांगून तरी काय झालं असतं, ते आधीच दिवसभर त्याच कामाला जुंपलेले होते.

सुट्टीच्या पहिल्या रविवारी मी जेवण उरकून गेले ती ठरवूनच, की आज हे संपवायचं. नानांची दाढी वाढलेली, प्रिंटर चालू, पडदा गोठलेला. मी सर्व्हरच्या मागं गेले, त्याची वायर उपटली आणि हातात धरून म्हटलं, "आता द्या हाळी."

नानांनी आपल्या कॉम्प्युटरवरून काकूंच्या मशीनला हाळी दिली.

ओ आली.

नाना माझ्या हातातल्या वायरीकडे बघत राहिले. "ती वायर त्याचीच हाय ना?"

"त्याचीच."

"मग ओ कोन देतंय?"

"याच नंबराचं घरात दुसरं कोणीतरी आहे, नाना."

मला वाटलं होतं ते नेहमीप्रमाणे वाद घालतील. त्यांनी घातला नाही. खुर्ची मागं सारली, सावकाश उठले आणि जाऊन प्रिंटरचं बटण बंद केलं. परत येऊन हाळी दिली. आता ओ आली नाही.

"मीच ठेवला त्याला तिचा नंबर," ते म्हणाले. काकूंचं मशीन भंगारात गेलं त्यानंतर त्यांच्या दवाखान्याचे कागद छापायला हा प्रिंटर घरात आला होता. "आजा गेला की नातवाला त्याचं नाव ठेवतात का न्हाई? मला वाटलं, तिचं मशीन गेलं, तिचा नंबर तरी घरात ऱ्हावा. मग हे नवं बांधलं तवा तिच्या मशीनला तिचाच नंबर दिला. दुसरा कशाला देऊ? ध्यानातच न्हाई आलं, की ते नाव आता घरात चालू हाय." मग प्रिंटरकडे बघत म्हणाले, "आजा परत येईल, असं कोनाला वाटतं?"

सगळा गुंता एवढाच होता. प्रिंटर बंद असेल तेव्हा काकूंचं मशीन बोलायचं. काकूंना बसवून नाना प्रिंटर चालू करायचे, की एका नावाचे दोघे घरात, आणि हाळीला भलताच ओ द्यायचा. आतल्या मशीनवर त्याचा इशाराही येत असणार, पण तो दिसायच्या आत पडदा गोठलेला असायचा. मी प्रिंटरला दुसरा नंबर दिला. चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

नाना काकूंना घेऊन आले. या वेळी पडदा गोठला नाही. काकूंचा जुना निळा पडदा, डाव्या कोपऱ्यात गणपती, सगळं जिथल्या तिथं. काकू बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं, उशीर झाला. तेवढ्यात त्यांनी पदर खोचला आणि बोटं ठेवली. श्रीकृपेकरूनची ओळ सरसर उमटली. मग त्या थांबल्या आणि नानांकडे वळून, गिऱ्हाईकाशी बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "मुलीचं नाव सांगा."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सुमन."

काकूंनी वेलांटी आधी मारली, 'च' मागून. चि. सौ. कां. सुमन. एकही चूक नाही.

"मुलाचं?"

"ज्ञानदेव." नानांचं नाव ज्ञानदेव.

"कुठले?"

"कोल्हारचे."

"मुलगा बरा आहे ना? चौकशी केलीत?"

"बरा हाय," नाना म्हणाले. "पन येळ लई लावतो."

काकूंनी मान हलवली, जणू असे पुष्कळ पाहिलेत. "मुहूर्त?"

नाना चष्मा काढून पुसायला लागले. काकूंनी गिऱ्हाईकाला द्यावा तेवढा वेळ दिला, मग तारखेची जागा मोकळी सोडून कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. "हा नमुना घरी दाखवा. मुहूर्त ठरला की कळवा. आमच्याकडून उशीर झाला, रागावू नका."

दुसऱ्या दिवशी नानांनी त्यांना पुन्हा बसवलं. काकूंनी कीबोर्ड हातानं पुसला, जसा ओटा पुसतात तसा, आणि उठल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. नंतर नानांनी बसवणं सोडून दिलं. सर्व्हर मात्र तेव्हापासून एकदाही अडखळला नाही. मी कधी गेले तर नाना त्याच्याकडे पाठ करून मागच्या खोलीत काकूंशेजारी बसलेले असत, त्यांचा हात हातात घेऊन. एकदा आपणहून म्हणाले, "तू लॅपटॉपचं म्हनालीस तवा ती रोज विचारत हुती. येका दुपारचं काम हुतं. ती विचारत हुती आन मी तिला थांब म्हनत हुतो." मी म्हटलं, तुम्ही काकूंसाठीच करत होता. "व्हय. तिच्यासाठीच," ते म्हणाले. "तिच्याकडं पाठ करून."

थंडी संपता संपता काकू गेल्या. नानांनी घर आवरलं आणि पुतण्याकडे कोल्हारला जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या सकाळी मला बोलावलं, म्हणाले, सर्व्हर तू बंद कर, माझा हात धजत नाही. मी एकेक बिऱ्हाड बंद करत गेले. काकूंचं शेवटी ठेवलं. ते बंद होईना. त्यातला जुना प्रोग्रॅम विचारत होता, उघडी असलेली पत्रिका ठेवायची की टाकून द्यायची? त्या रविवारची पत्रिका तशीच उघडी होती. नानांनी तिला कधी हात लावला नव्हता.

"ठेवू ना?" मी विचारलं.

"थांब. मुहूर्त टाकतो." ते काकूंच्या खुर्चीवर बसले. चष्मा नीट केला. त्यांचं लग्न मार्गशीर्षातलं. एका बोटानं 'मा' शोधला, तो सापडला. मग 'ग' आला, पण वरचा रफार येईना. एक बटण दाबलं, भलतंच चिन्ह आलं. पुसलं. दुसरं दाबलं. कीबोर्डवर नुसती इंग्रजी अक्षरं, तीही काकूंच्या बोटांनी पार पुसून गेलेली.

"रफार कुठं असतो गं?" त्यांनी मला विचारलं.

तो जुना कीबोर्ड मलाही येत नव्हता. मी तसं सांगितलं.

"येवढी वर्षं हितं टाईप करत हुती," नाना म्हणाले, "आन मी येकदासुदिक शेजारी बसून बघितलं न्हाई."

आम्ही दोघांनी मिळून सगळी बटणं दाबून पाहिली.